विमान-अपघातांची वही कशासाठी?



विमान कोसळल्याची बातमी आली की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या खोलीपर्यंत एकच प्रश्न ऐकू येतो, "चूक कोणाची?" हा प्रश्न स्वाभाविक आहे. माणसे गेलेली असतात आणि मनात दुःख व राग दाटलेला असतो. परंतु विज्ञान शिकणाऱ्याने त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा, असे मला वाटते. तो प्रश्न असा : "याआधी असाच प्रसंग किती वेळा थोडक्यात टळला होता आणि त्याची नोंद कोठे आहे?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की आपले समाधान होते आणि आपण आपापल्या कामाला लागतो. दुसऱ्याचे उत्तर मिळाले तर पुढचे विमान वाचू शकते. अपघातांच्या नोंदी कशा ठेवाव्यात, हा विषय वरवर पाहता कारकुनी वाटतो. प्रत्यक्षात तो भौतिकशास्त्राइतकाच काटेकोर आणि माणसांच्या जिवाशी निगडित असा विषय आहे.

औरंगाबादचा ट्रक

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण घेऊ. २६ एप्रिल १९९३ रोजी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ जातीचे विमान मुंबईकडे निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टीच्या टोकापलीकडून बीडकडे जाणारा रस्ता होता. विमान धावपट्टी जवळजवळ संपता संपता जमीन सोडून वर उचलले गेले. नेमका त्याच वेळी त्या रस्त्यावरून कापसाच्या दाबलेल्या गासड्यांनी भरलेला एक ट्रक चालला होता. धावपट्टी संपल्यापासून सुमारे ४१० फुटांवर, जमिनीपासून जेमतेम ७ फुटांच्या उंचीवर, विमानाची डावी चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग त्या ट्रकवर आदळला. जखमी विमान तसेच पुढे गेले आणि सुमारे ३ किलोमीटरवर उच्च दाबाच्या विजेच्या तारांना लागून कोसळले. ५५ माणसे मृत्युमुखी पडली, ६३ वाचली.

चौकशीअंती दोन कारणे नोंदवली गेली. वैमानिकांनी विमानाचे नाक उचलण्यास उशीर केला व ते चुकीच्या पद्धतीने उचलले, हे एक. उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात त्या वेळचे राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले, हे दुसरे.

आता आपण थोडे गणित करू. असे विमान जमीन सोडताना ताशी सुमारे २५० किलोमीटर वेगाने धावत असते, म्हणजे सेकंदाला सुमारे ७० मीटर. ४१० फूट म्हणजे १२५ मीटर. हे अंतर कापायला विमानाला दोन सेकंदही लागत नाहीत. समजा, तो ट्रक दोन-तीन सेकंद आधी किंवा नंतर तेथे आला असता, तर काय झाले असते? विमान त्याच्या मागून किंवा पुढून सुखरूप निघून गेले असते. प्रवासी मुंबईला उतरून घरी गेले असते. ट्रकचालकाने एक मोठा आवाज ऐकला असता, एवढेच.

परंतु विचार करा, त्या प्रसंगी धोका कमी होता काय? मुळीच नाही. उशिरा उचललेले नाक तेच, रस्ता तोच, वाहतूक तशीच मोकळी. धोका अगदी तेवढाच, फक्त परिणाम निराळा. एका प्रसंगाची बातमी देशभर होते आणि दुसऱ्याची वहीत एक ओळही होत नाही. आपण परिणामांची नोंद ठेवतो, धोक्यांची ठेवत नाही. अपघातांच्या नोंदपद्धतीतील मूळ दोष हाच आहे.

अपघात दुर्मीळ, म्हणून शिकणे कठीण

यावर तुम्ही म्हणाल, "अपघातांचाच नीट अभ्यास केला तर पुरणार नाही का?" नाही पुरणार. त्याचे कारण आनंदाचे आहे : विमान-अपघात फार थोडे होतात. अलीकडच्या वर्षांत जगभरातील नियमित प्रवासी वाहतुकीत दर दहा लाख उड्डाणांमागे दोन ते तीन अपघात होतात, आणि त्यांतही प्राणहानीचे त्याहून कितीतरी कमी.

आता एका लहान विमान कंपनीचा विचार करा. तिची रोज १०० उड्डाणे होतात, म्हणजे वर्षाला ३६,५००. दहा लाखांमागे अडीच अपघात, म्हणजे चार लाख उड्डाणांमागे एक. या हिशेबाने त्या कंपनीच्या वाट्याला सरासरीने एक अपघात यायला अकरा वर्षे लागतील. मग धडा शिकण्यासाठी तिने अकरा वर्षे थांबायचे काय? आणि मधल्या काळात "आमच्याकडे अपघात नाहीत, म्हणून आमचे सर्व ठीक आहे," असे म्हणायचे काय? अकरा वर्षांत एक, ही संख्या इतकी लहान आहे की तिच्यावरून कोणतेच अनुमान काढता येत नाही. नाणे एकदा उडवून ते खोटे की खरे हे ठरवण्यासारखेच ते आहे.

अपघात विरळ असले तरी थोडक्यात टळलेले प्रसंग विरळ नसतात. पक्षी काचेवर आपटतो, दोन विमाने ठरलेल्यापेक्षा जवळ येतात, उतरताना वेग जास्त राहतो, मेकॅनिकला वेळेवर सैल झालेला बोल्ट सापडतो. ८ जून २०२४ रोजी मुंबई विमानतळावर एक विमान धावपट्टीवरून उड्डाण घेत असतानाच त्याच धावपट्टीवर मागून दुसरे विमान उतरले. कोणालाही इजा झाली नाही. कोणीतरी टिपलेली त्याची चित्रफीत सर्वत्र पसरली, चौकशी सुरू झाली आणि संबंधित वाहतूक नियंत्रकाला तूर्त कामावरून बाजूला ठेवण्यात आले. चौकशी चालू असताना असे करणे गैर नाही. पण तेथे काम करणाऱ्या इतरांनी त्यातून काय बोध घेतला असेल, याचाही विचार हवा. "प्रसंग टळला तर तो बोलून दाखवू नये," असा बोध कोणी घेतला, तर पुढची दहा थोडक्यात टळलेली संकटे कोणालाच कळणार नाहीत. प्रत्येक वेळी कॅमेरा घेऊन कोणी उभा असेलच असे नाही.

सहा आठवड्यांचे अंतर

या बाबतीत अमेरिकेतील एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचे ५१४ क्रमांकाचे विमान वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरण्यासाठी येत होते. "उतरण्याच्या मार्गाला परवानगी आहे," या नियंत्रकाच्या शब्दांचा अर्थ वैमानिकांनी असा घेतला की आता १८०० फुटांपर्यंत खाली यायला हरकत नाही. वाटेत डोंगर होता. विमान त्यावर आदळले आणि त्यातील सर्वच्या सर्व ९२ माणसे मरण पावली.

चौकशीत उघड झाले की सुमारे सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड कंपनीचे एक विमान त्याच मार्गावर, त्याच गैरसमजातून, त्याच डोंगरावर आदळता आदळता वाचले होते. त्या वैमानिकांनी ती गोष्ट आपल्या कंपनीला प्रामाणिकपणे कळवली. कंपनीने आपल्या सर्व वैमानिकांना सावध केले. पण दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकांपर्यंत ती माहिती पोचण्याची सोयच नव्हती. माहिती अस्तित्वात होती. ती चुकीच्या कपाटात होती, म्हणून ९२ माणसे गेली.

यातून धडा घेऊन १९७६ मध्ये तेथे सर्वांसाठी एक सामाईक नोंदव्यवस्था सुरू झाली. वैमानिक, नियंत्रक, मेकॅनिक, हवाई सेविका यांपैकी कोणीही आपल्या हातून झालेली किंवा पाहिलेली चूक तिला कळवू शकतो. या व्यवस्थेतील खरी कल्पकता पुढेच आहे. ही वही परवाना देणाऱ्या आणि दंड करणाऱ्या सरकारी खात्याच्या हाती ठेवली नाही. ती 'नासा' या संशोधन संस्थेकडे सोपवली. कळवणाऱ्याचे नाव व ओळख पटवणारा तपशील काढून टाकला जातो आणि उरलेला मजकूर सर्वांना वाचायला खुला होतो. आजवर तेथे लाखो नोंदी जमा झाल्या आहेत. शिक्षा करणारा हात आणि नोंद घेणारा हात वेगळे ठेवले, तेव्हा लोक बोलू लागले.

मग दोषी मोकळे सुटणार काय?

येथे तुमच्यापैकी काहीजणांना शंका येईल आणि ती रास्त आहे. चूक करणाऱ्याला शिक्षाच नसेल तर बेफिकिरी वाढणार नाही काय? ज्यांची माणसे गेली, त्यांनी न्याय कोठे मागायचा?

याचे उत्तर असे की दोन वह्या ठेवाव्या लागतात. दारू पिऊन विमान चालवणे, खोटे दाखले तयार करणे, माहीत असलेला बिघाड पैशासाठी दडवणे हे गुन्हे आहेत. त्यांची वही पोलिसांची व न्यायालयाची. 'नासा'कडील व्यवस्थाही गुन्ह्यांना किंवा प्रत्यक्ष अपघाताला असे संरक्षण देत नाही. परंतु दमलेल्या माणसाकडून एक आकडा चुकीचा ऐकला गेला, दोन सारख्या दिसणाऱ्या कळींपैकी भलतीच दाबली गेली, या प्रामाणिक चुका आहेत. त्या तुमच्या-माझ्यासारख्या कोणाही माणसाकडून होतात. एका माणसाला काढून दुसरा बसवला तरी कळी सारख्याच दिसत राहतात.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारात हेच तत्त्व आहे. त्याचे तेरावे परिशिष्ट १९५१ मध्ये प्रथम स्वीकारले गेले. अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढील अपघात टाळणे हा आहे, दोष किंवा जबाबदारी वाटून देणे हा नाही, असे ते स्पष्ट सांगते. भारताने हा करार मान्य केलेला आहे. तरीही १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला एअर इंडियाचे बोइंग ७८७ कोसळून विमानातील २४१ व जमिनीवरील १९ अशी २६० माणसे मरण पावली, तेव्हा काय झाले ते आठवा. नोंदयंत्रांतील माहिती दिल्लीतच उतरवून घेतली गेली आणि महिन्याभरात प्राथमिक अहवाल प्रसिद्ध झाला, या दोन्ही गोष्टी आपल्या जमेच्या आहेत. प्राथमिक अहवालाचे काम तोवर हाती आलेली तथ्ये मांडणे एवढेच असते. पण तो बाहेर येताच देशात व परदेशात कित्येकांनी घरबसल्या निकाल देऊन टाकले. प्रयोग अर्धा झालेला असताना निष्कर्ष लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण किती गुण देतो?

नोंद म्हणजे नुसता आकडा नव्हे

नोंदी ठेवायच्या म्हणजे पाने भरायची असे नाही. चांगल्या नोंदीचे काही नियम आहेत, आणि तुम्ही प्रयोगवहीत ते रोज पाळता.

पहिला नियम, भागाकार. एका विमानतळावर वर्षात पक्षी आदळण्याचे १० प्रसंग झाले व दुसऱ्यावर ४०, तर दुसरा अधिक धोक्याचा काय? पहिल्यावर ५,००० उड्डाणे असतील आणि दुसऱ्यावर ८०,०००, तर उत्तर उलटे येते. पहिल्यावर ५०० उड्डाणांमागे एक प्रसंग, दुसऱ्यावर २,००० मागे एक. खालचा अंक नसलेला अपूर्णांक निरुपयोगी असतो.

दुसरा नियम, शब्द एकच. पक्षी इंजिनात गेल्याची एकच घटना एकाने "पक्षी आदळला", दुसऱ्याने "इंजिनात बिघाड" आणि तिसऱ्याने "विमान परत फिरले" अशी लिहिली, तर तिन्हींची बेरीज कशी करणार? लांबी कोणी फुटांत, कोणी हातांत, कोणी पावलांत मोजावी, तसे ते होईल.

तिसरा नियम, कारणे अनेक. याबाबत आपल्या रस्त्यांच्या नोंदी पाहा. २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मरण पावली. सरकारी अहवालात त्यांपैकी सुमारे ७० टक्के मृत्यू "अतिवेग" या एका रकान्यात आहेत. आपल्या सिन्नरहून नाशिकला जाताना मोहदरी घाट लागतो. अशा घाटात गाडी उलटली आणि "अतिवेग" लिहून वही मिटली, तर वळणाचा उतार, रात्रीचा उजेड, ब्रेकची अवस्था, चालकाची झोप हे सर्व प्रश्न त्याच शब्दाखाली गाडले जातात. औरंगाबादच्या चौकशीत फक्त "वैमानिकाची चूक" लिहिले असते, तर रस्त्यावरील वाहतुकीचा प्रश्न असाच गाडला गेला असता. आता रस्त्यांसाठीही जागेवरच तपशीलवार नोंद घेणारी संगणकीय पद्धत आली आहे. २०२१ मध्ये ती ज्या सहा राज्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र होता, ही समाधानाची गोष्ट आहे.

चौथा नियम सर्वांत सूक्ष्म आहे : वहीत काय नाही, तेही पाहावे. दुसऱ्या महायुद्धात लढाईवरून परतलेल्या विमानांवर गोळ्यांची भोके कोठे आहेत, हे मोजले जात होते. जेथे भोके जास्त, तेथे पत्रा जाड करावा, असे कोणालाही वाटेल. अब्राहम वाल्ड या गणितज्ञाने दाखवून दिले की ही सर्व परतलेली विमाने आहेत. जेथे भोके दिसत नाहीत, तेथे गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत. म्हणून संरक्षण तेथे हवे. हाच वाल्ड पुढे व्याख्यानांसाठी भारतात आला आणि डिसेंबर १९५० मध्ये निलगिरी पर्वतात झालेल्या विमान-अपघातात पत्नीसह मरण पावला. ज्याने विमाने वाचवण्याचे गणित मांडले, त्याचा शेवट असा व्हावा, ही मनाला चटका लावणारी गोष्ट आहे.

एखाद्या कंपनीकडून किंवा विमानतळावरून वर्षभरात एकही टळलेला प्रसंग कळवला गेला नाही, तर तेथे सर्व आलबेल आहे असे मानू नये. तेथील माणसे बोलायला घाबरतात काय, हे आधी पाहावे.

आपल्याकडे काय व्हावे?

भारतात २०१२ मध्ये विमान अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र ब्युरो स्थापन झाला. त्याआधी नियम करणारे व परवाने देणारे महासंचालनालयच बहुतेक तपासही करीत असे. परीक्षार्थीनेच उत्तरपत्रिका तपासावी, तसे ते होते. ब्युरो निघाला हे योग्यच झाले. परंतु आजही ब्युरो आणि महासंचालनालय दोन्ही एकाच मंत्रालयाखाली आहेत. अमेरिकेने आपले तपास मंडळ १९७५ पासून परिवहन खात्यातून पूर्णपणे बाहेर काढले. आपणही तसे करावे, असे माझे मत आहे.

दुसरे, टळलेल्या प्रसंगांची ऐच्छिक नोंद दंड करणाऱ्या खात्याकडे न ठेवता एखाद्या संशोधन संस्थेकडे किंवा विद्यापीठाकडे द्यावी, आणि नावे वगळून ती सर्वांना खुली करावी. आपल्या महाविद्यालयांतील सांख्यिकीच्या विद्यार्थ्यांना यासारखा दुसरा जिवंत अभ्यासविषय मिळणार नाही.

तिसरे, प्रत्येक अहवालातील शिफारशींचे पुढे काय झाले, याचा तक्ता दरवर्षी छापावा. २२ मे २०१० रोजी मंगळूरला डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या धावपट्टीवरून विमान पुढे जाऊन खाली कोसळले आणि १५८ माणसे गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोझिकोडला तशाच धावपट्टीवरून तसेच विमान खाली गेले आणि २१ माणसे गेली. दोन्ही अपघातांची कारणे तंतोतंत सारखी नाहीत. तरीही मधल्या दहा वर्षांत कोणती शिफारस अमलात आली, कोणती राहिली आणि का, हे कोणाही नागरिकाला एका पानावर वाचता आले पाहिजे. याउलट, १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीवर आकाशात दोन विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे गेली, तेव्हा त्यातून धडा घेऊन विमानांत टक्कर टाळण्याचा इशारा देणारे उपकरण सक्तीचे झाले. म्हणजे मनावर घेतले तर आपल्याला जमते.

तुम्ही काय कराल?

मंत्रालयाचे काम मंत्रालय करील. पण नोंदीची सवय शाळेपासून लागते. आमच्या सिन्नरजवळ माळेगाव व मुसळगाव येथे औद्योगिक वसाहती आहेत. कारखान्यांच्या दारावर "अपघाताविना इतके दिवस" असा फलक तुम्ही पाहिला असेल. हेतू चांगला, पण त्या आकड्याचा मोह असा की तो शून्यावर येऊ नये म्हणून लहान दुखापत लपवावीशी वाटते. त्याशेजारी "या महिन्यात टळलेले प्रसंग इतके, त्यावरून केलेल्या दुरुस्त्या इतक्या" असा दुसरा फलक लावला, तर आकडा वाढण्याची कोणाला लाज वाटणार नाही.

तुमच्या शाळेत अशी एक वही सुरू करा. तिच्यात तारीख, वेळ, जागा, काय होता होता टळले, कशामुळे टळले आणि तेव्हा तेथे साधारण किती मुले होती, एवढे रकाने पुरेत. नाव लिहू नका. फाटकाशी सायकल व मोटार समोरासमोर येणे, ओल्या जिन्यावर पाय घसरणे, प्रयोगशाळेत गॅसची नळी निसटणे, सर्व लिहा. तीन महिन्यांनी बेरीज करा. कोणत्या जागी आणि कोणत्या वेळी प्रसंग जास्त येतात, ते तुम्हालाच दिसेल.

शिक्षक बंधुभगिनींना एकच विनंती आहे. प्रयोगशाळेतील ॲमीटर जळाला आणि त्याबद्दल दंड ठरलेला असला, तर विद्यार्थी तो गुपचूप कपाटात परत ठेवतो. पुढच्या तुकडीला त्यावर चुकीची वाचने मिळतात आणि कारण कोणालाच कळत नाही. ज्याने "सर, हा माझ्या हातून जळाला," असे येऊन सांगितले, त्याला रागावण्यापूर्वी त्याने पुढच्या तीस जणांचा प्रयोग वाचवला आहे, हे ध्यानात घ्या. हीच मुले उद्या ओझरच्या कारखान्यात विमाने जोडतील, विमानतळाच्या मनोऱ्यात बसतील, विमाने चालवतील. चूक कळवल्याने माणसे वाचतात, हे त्यांना तेव्हा नव्याने शिकवावे लागू नये.